पुणेरी पलटण

पुणे येथील एक व्यावसायिक कबड्डी संघ. ‘प्रो कबड्डी लीग’ या अखिल भारतीय स्पर्धामालिकेत २०१४ मधील पहिल्या हंगामापासून तो भाग घेत आला असून बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल हे त्याचे घरचे मैदान होय. पहिल्या दोन्ही हंगामांत तो तळाशी राहिला. तिसऱ्या व चौथ्या हंगामांत (२०१६) त्याने तिसरे स्थान मिळविले. तथापि त्याला पहिले विजेतेपद मिळाले ते दहाव्या हंगामात (२ डिसेंबर २०२३ – १ मार्च २०२४). त्याआधी संघाच्या रचनेत जे फेरबदल झाले, ते व्यावसायिक कबड्डीतील संघबांधणीचे बोलके उदाहरण म्हणून अभ्यसनीय आहेत.

या स्पर्धेत खेळाडू एका संघाला कायमचा बांधलेला नसतो. ठराविक काळाने लिलाव होतो. त्यापूर्वी प्रत्येक संघ काही अनुभवी व काही तरुण खेळाडू आपल्याकडे ठेवून घेऊ शकतो. बाकीचे मुक्त केले जातात व त्यांच्यासाठी सर्व संघ बोली लावतात. खर्चाला कमाल मर्यादा असते. दहाव्या हंगामासाठी ती ४·४ कोटी रुपयांवरून ५ कोटी रुपयांपर्यंत वाढविण्यात आली. साहजिकच एका नामवंत खेळाडूवर मोठी रक्कम घातली, की उरलेला संघ थोड्या पैशांत उभारावा लागतो. अशा वेळी नवोदित खेळाडूंना हेरून त्यांना वाढविणाऱ्या संघाचा हात वर राहतो. ‘पलटण’ हा शब्द लष्करी आहे. पण लष्करातील शिपाई वर्षानुवर्षे एकाच पलटणीत राहतो, तशी शाश्वती येथे नाही.

नवव्या हंगामासाठी (२०२२) पुणे संघाने इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याला १·३८ कोटी रुपयांस घेतले. परदेशी खेळाडूसाठी तोवर लागलेली ही सर्वांत मोठी बोली होती. त्याचाच देशबांधव मोहम्मद नबीबक्ष हाही संघात आला. अत्राचलीकडे कर्णधारपद व बी. सी. रमेश यांच्याकडे मार्गदर्शन सोपविण्यात आले. रमेश यांच्या मार्गदर्शनाखाली बेंगाल वॉरियर्सने २०१९ मध्ये विजेतेपद मिळविले होते. संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने त्याचा ३३–२९ असा पराभव केला.

उपविजेतेपदानंतर संघ जसाच्या तसा राखण्याकडे सहसा कल असतो. पुणे संघाने मात्र आपल्या कर्णधारालाच मुक्त केले, नबीबक्षलाही सोडले आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नादराजन अशी तरुण फळी हातची जाऊ दिली नाही. यांतील इनामदार व गोयत हे आठव्या हंगामात (२०२१-२२) नवोदित म्हणून संघात आले होते.

कर्णधारपद इनामदारकडे आले. तो अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. जिल्ह्याचा हा उत्तर भाग म्हणजे कोपरगावपासून श्रीरामपूरपर्यंत गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांवर वसलेला, ऊस व साखर कारखाने यांसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश. कोपरगाव व श्रीरामपूर ही दोन्ही ठिकाणे दौंड–मनमाड लोहमार्गावर आहेत. कबड्डी हा येथील गावोगावचा खेळ. पण मातीच्या मैदानावरून गादीवरच्या व्यावसायिक स्पर्धेत जाणारी वाट अगदी अलीकडची आहे. मार्च २०२४ मध्ये वरिष्ठ गटाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धाही अहमदनगर येथेच भरली होती.

योगायोग असा, की हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना ७ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला व ९ ऑक्टोबरला मुंबईत लिलाव सुरू झाला. त्या सामन्यात एका चढाईच्या निर्णयावरून वाद होऊन खेळ बराच वेळ खोळंबला आणि अखेर भारताने इराणला ३३–२९ असे हरविले. भारतीय चमूत इनामदार व शिंदे होते, तर इराणकडून अत्राचली व मोहम्मदरेझा शादलुई चियानेह खेळत होते. लिलावात पुणे संघाने शादलुईला २·३५ कोटी रुपयांस, म्हणजे एकूण मर्यादेच्या जवळजवळ निम्म्या रकमेस घेतले. तोही डावा कोपरारक्षकच, परंतु अत्राचलीपेक्षा वयाने बराच लहान आणि प्रसंगी चढाई करणारा. अत्राचली १·६० कोटी रुपयांस गुजरात जायंट्सकडे गेला. अनुभवी नेत्याच्या जागी तरुण बचावपटू आणि परदेशी कर्णधाराच्या जागी संघातच घडलेला खेळाडू, असा हा दुहेरी बदल होता.

त्याचे फळ लगेच दिसले. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून, ३ बरोबरीत सोडवून व केवळ २ गमावून संघाने ९६ गुणांसह पहिले स्थान पटकाविले. चढायांचा भार कोणा एकावर नव्हता. इनामदार, गोयत, मोहिते व शिंदे यांनी तो वाटून घेतला. उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सवर ३७–२१ असा विजय मिळवून संघाने हैदराबाद येथे १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असे नमविले. या सामन्यात मोहितेने एकाच चढाईत चार गुण मिळविले. शादलुई पकडींच्या ९९ गुणांसह हंगामातील सर्वोत्तम बचावपटू, तर इनामदार सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला.

विजेता संघ पुढे एकत्र राहिला नाही. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरयाणाने शादलुईला २·०७ कोटी रुपयांस घेतले. अकराव्या हंगामात इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे मध्यातच बाहेर पडला व पुणे संघ आठव्या स्थानी घसरला. २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडीतच झालेला अंतिम सामना हरयाणाने जिंकला. शादलुई त्यांच्या बाजूने खेळत होता. बाराव्या हंगामात (२०२५) अजय ठाकूर यांच्या मार्गदर्शनाखाली व इनामदारच्या नेतृत्वाखाली पुणे संघ पुन्हा अंतिम फेरीत आला. मात्र ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीत दबंग दिल्लीने त्याला ३१–२८ असे हरविले. दिल्लीच्या बचावफळीत त्या वेळी अत्राचली होता.