अमेरिकी शाळांचा जमाखर्च – लेखांक ५ : गरीब मुलांच्या नावाचा पैसा

गेल्या आठवड्यात आपण मालमत्ता करापाशी थांबलो होतो. न्यू जर्सीत घर घेणारं मराठी कुटुंब आधी स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे तिथल्या शाळा चालवणारा स्थानिक विभाग, बघतं आणि मग स्वयंपाकघर. त्याचं कारण हेच, की शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा आसपासच्या घरांवरच्या करातून येतो. मग ज्या वस्तीत घरांनाच किंमत नाही, तिथल्या मुलांचं काय? या प्रश्नावर वॉशिंग्टनचं उत्तर ‘टायटल वन’ नावानं ओळखलं जातं.

११ एप्रिल १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी शालेय शिक्षणाच्या कायद्यावर सही केली, ती टेक्सासमधल्या ज्या जुन्या एका खोलीच्या शाळेत ते लहानपणी शिकले तिच्या अंगणात. शेजारी त्यांच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी, बसल्या होत्या. राजकारण्याचा नाटकीपणा त्यात होताच. पण कॉलेज मध्येच थांबवून १९२८ साली कोटुला या गावात मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवलेला हा माणूस होता. उपाशीपोटी वर्गात बसलेली मुलं त्यानं पाहिली होती. या कायद्याचा पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे टायटल वन. सुरुवातीला वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर देणारी ही योजना अलीकडे १८ अब्ज डॉलरच्या घरात गेली आहे. आकडा मोठा वाटतो, पण केंद्राकडून येणारा सगळा पैसा एकत्र केला तरी तो शाळांच्या एकूण खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो.

या पैशानं एक काम अनपेक्षित वेगानं केलं. भेदभाव करणाऱ्या संस्थेचं केंद्रीय अनुदान रोखता येईल, अशी तरतूद १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात होती. पण रोखायला आधी अनुदान तर हवं! ते १९६५ नंतर आलं आणि गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा चालवणाऱ्या दक्षिणेतल्या राज्यांवर पहिल्यांदा खरा दाब आला.

वाटपाचं गणित मात्र किचकट आहे. एक नाही, चार सूत्रं. जनगणना विभाग ५ ते १७ वयाच्या गरीब मुलांचा अंदाज काढतो आणि त्यावर डिस्ट्रिक्टचा हिस्सा ठरतो. मूळ सूत्राची अट इतकी सैल, की किमान १० गरीब मुलं असली आणि त्यांचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेलं, की डिस्ट्रिक्ट पात्र. त्यामुळे देशातल्या बहुतेक डिस्ट्रिक्टना काही ना काही मिळतं. सगळ्यांना थोडं मिळालं की काँग्रेसमध्ये सगळ्यांची मतं मिळतात, हे वेगळं सांगायला नको. शिवाय राज्य स्वतः दर मुलामागे किती खर्च करतं, हेही सूत्रात धरलेलं आहे. म्हणजे हात सैल सोडणाऱ्या श्रीमंत राज्यातल्या गरीब मुलाला जास्त आणि मिसिसिपीसारख्या राज्यातल्या तितक्याच गरीब मुलाला कमी. गरिबांसाठीच्या योजनेत हे असावं, याचं समर्थन मला तरी सापडत नाही.

पण खरी मेख खर्चात आहे. गावाहून आजीनं नातवाच्या शिकवणीसाठी पैसे पाठवावेत आणि घरच्यांनी शिकवणीचा आपला हिस्सा बंद करून त्यातून टीव्ही आणावा, तसं पहिल्या काही वर्षांत सर्रास झालं. १९६९ मध्ये रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्‌क्लूर यांनी एका अहवालात हा कारभार उघडा पाडला. गरीब मुलांच्या नावावर आलेला पैसा डिस्ट्रिक्टच्या रोजच्या खर्चात जिरला होता. काही ठिकाणी तर त्यातून पोहण्याचे तलाव घेतले गेले होते. मग काँग्रेसनं नियम आवळले. केंद्राचा पैसा हा स्थानिक पैशावरची भर असला पाहिजे, त्याच्या बदली नव्हे. आणि तो येण्याआधीच डिस्ट्रिक्टमधल्या गरीब आणि सधन शाळांना तुल्य सोयी मिळत असल्या पाहिजेत.

या तुल्यतेतही पळवाट राहिलीच. तुलना करताना शिक्षकांच्या पगारातला सेवाज्येष्ठतेमुळे पडणारा फरक मोजायचा नाही, असं कायदाच सांगतो. जुने, जास्त पगाराचे शिक्षक सोयीच्या शाळांकडे सरकतात, गरीब वस्तीत नवखे येतात. कागदावर दोन्हीकडे विद्यार्थ्यांमागे शिक्षक सारखे. प्रत्यक्षात एका शाळेवर लाखो डॉलर जास्त खर्च होऊ शकतात. टायटल वनचा पैसा मग भर घालत नाही, खड्डा भरतो.

न्यायालयानंही एकदा गंमत केली. धार्मिक शाळांतल्या गरीब मुलांनाही या योजनेतून मदत मिळते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की सरकारी शिक्षकांनी त्या शाळांच्या इमारतीत जाऊन शिकवणं घटनाबाह्य. मग न्यूयॉर्कमध्ये शाळेबाहेर व्हॅन उभ्या राहिल्या. मुलं रस्त्यावर येऊन त्यात बसायची आणि वाचन शिकायची. जागा, व्हॅन आणि ने-आण यांवर शहराचे १० कोटी डॉलरहून जास्त गेले. १९९७ मध्ये न्यायालयानं आपलाच निकाल फिरवला.

आता पुढचा धोका. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी केंद्रीय शिक्षण खातं गुंडाळण्याच्या दिशेनं आदेश काढला. खातं १९७९ च्या कायद्यानं आलं, टायटल वन त्याहून जुना. तेव्हा खात्यावाचून तो चालू शकतो. पण ‘प्रोजेक्ट २०२५’ या उजव्या गटांच्या आराखड्यात हा पैसा राज्यांना विनाअट द्यावा आणि १० वर्षांत बंद करत आणावा, असं सुचवलं आहे. अटी जाचक आहेत, कागदपत्रं फार आहेत, ही शाळांची तक्रार खोटी नाही. तरी अटी काढल्या की काय होतं, ते १९६९ च्या अहवालात लिहिलेलं आहे. मला विचाराल तर अटी राहाव्यात, पगाराची पळवाट बुजवावी आणि सूत्र चारऐवजी एकच असावं.

पुढच्या आठवड्यात सॅन अँटोनिओतल्या एजवूडचे पालक. त्यांनी मालमत्ता कराच्या या पायालाच न्यायालयात आव्हान दिलं आणि १९७३ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा निकालानं ते हरले.