पायपेटीवरची जागा कागदावर

गोंदिया जिल्ह्यात धानाची कापणी आटोपून दिवाळीनंतरच्या मंडया भरू लागल्या, की रात्रीच्या नाटकांना रंग चढतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या टापूतली ही झाडीपट्टीची रंगभूमी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. नटांची नावे आपण लक्षात ठेवतो; रंगमंचाजवळ बसलेल्या ऑर्गनवाल्याची आठवण मात्र त्याची पेटी बिघडली तरच होते. वास्तविक गायकाने जुन्या पदाची एक ओळ टाकली, की तिच्यापुढची मोकळी जागा हाच मनुष्य भरतो. आणि उद्या दुसऱ्या गावी तीच जागा निराळी भरतो. ते सारे हवेत विरते. ते लिहून ठेवता येईल काय, आणि लिहिले तर नवशिक्याच्या हाताला उपयोगी पडेल असे कसे लिहावे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

पेटी परदेशातून आली. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचे पेटंट घेतले. पण मराठी नाट्यपद तिच्या सहवासात वाढले, हेही खरे. १९११ च्या ‘मानापमाना’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते. पुढे पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन ह्यांनी नाट्यपदाला केवळ पेटीवर उभे करून दाखविले. मीड निघत नाही म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ होते. १९४० साली नभोवाणीने तर पेटीला दारच बंद केले, ते पुढे कित्येक वर्षांनी उघडले. नाटकवाल्यांनी मात्र तिला कधी उठविले नाही!

आयत्या वेळी सुचलेले वादन छापून काढण्याचा प्रयोग इतरत्रही झाला आहे. अमेरिकेतील जॉर्ज गर्श्विन हा आपलीच लोकप्रिय गाणी मित्रमंडळींच्या बैठकीत पियानोवर नित्य नव्या तऱ्हेने वाजवी. १९३२ साली त्याने अशी १८ गाणी पुस्तकरूपाने काढली : आधी साधे गाणे, मग त्यावरचे पियानोचे रचलेले रूप. साधे आणि सजविलेले शेजारी शेजारी ठेवण्याची त्याची युक्ती आम्हांला फार मोलाची वाटते. परंतु तिकडे छापलेला प्रत्येक स्वर वाजवावयाचा असतो. आपल्याकडे तसे केले, तर शिकणारा एका रात्रीचे वादन पोपटासारखे पाठ करील, आणि गायकाने एखादी ओळ लांबविली की त्याची बोटे जागच्या जागी थिजतील.

लिपी नवी शोधावयास नको. भातखंडे ह्यांची पद्धत घरोघरच्या क्लासांत चालते : कोमल स्वराखाली आडवी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारेला वर टिंब, समेला फुली, खालीला शून्य. परंतु ही लिपी मुख्यतः गळ्यासाठी झालेली आहे. कोणते बोट कोणत्या पट्टीवर, हे ती सांगत नाही. आणि पेटीवाल्याची निम्मी विद्या तर बोटांत असते. भूप रागाचे पाच स्वर पांढरी एकमध्ये सगळेच्या सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. तेच काळी तीनमध्ये घेतले तर पाचही काळ्यांवर! मग बोटे तीच कशी राहतील? शिवाय हातपेटीत एक हात भात्याला गुंतलेला, तर पायपेटीत भाता पायांकडे आणि दोन्ही हात मोकळे. म्हणून पाठाच्या माथ्यावर स्वर आणि वाद्य लिहावे, व स्वरांखाली बोटांच्या आकड्यांची स्वतंत्र ओळ द्यावी.

एक उदाहरण घेऊ. नाट्यपदाला हात न लावता आम्ही भुपातली एक साधी ओळ बांधली आहे. ताल त्रिताल, उठाव खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून :

ग ग रे सा । रे – ग प । (सम) ग

हे मूळ. आता ऑर्गनवाला पहिल्या चार मात्रा तशाच ठेवून पुढच्या चार दुगुणीत भरतो :

ग ग रे सा । रेग पध पग रेप । (सम) ग

मात्रा आठच राहिल्या, सम हलली नाही. तिसऱ्या खेपेस तो पहिल्या चार मात्रा गंधारावर नुसता थांबतो आणि मग तीच दुगुण टाकतो :

ग – – – । रेग पध पग रेप । (सम) ग

ऐकणाऱ्याला गंमत वाटते ती ह्या थांबण्याची. आणि लिहिताना नेमके तेच सुटते. फोनवर ध्वनिमुद्रण करून सावकाश ऐकणारेसुद्धा स्वर तेवढे टिपतात आणि विसावा गाळतात. विसाव्याच्या प्रत्येक मात्रेला आडवी रेघ मिळालीच पाहिजे. दुसरी चूक अशी, की गायकाने घेतलेली मीड तशीच पेटीच्या नावावर लिहिली जाते. पेटीने मीड घेतलेली नसते. लगतच्या स्वराचा कण देऊन तिचा भास केलेला असतो. कण असेल तर कणच लिहावा, स्वराच्या डोक्यावर, लहान अक्षरात.

एका पाठात अडचण एकच असावी. वरच्या पाठात ती दुगुणीतून समेवर येण्याची आहे. तिच्यात डाव्या हाताचा खर्ज, तिहाई, लय वाढविणे हे सारे कोंबले, तर पाठाचे प्रदर्शन होते. एकाच ओळीची दोन-तीन रूपे द्यावीत. ती एकाच वादकाची, पण निरनिराळ्या रात्रींची मिळाली तर फारच उत्तम. कारण काय बदलले आणि काय मुळीच बदलले नाही, हे त्यावरूनच कळते. वादकाची अनुमती घेऊन त्याचे नाव, गाव आणि तारीख वर घालावी. आजवर ही विद्या मांडीला मांडी लावून बसणाऱ्यालाच मिळत आली. हात थकला की तिच्यातले किती मागे उरते, हे झाडीपट्टीतल्या जुन्या मंडळींना विचारावे.

ह्या रूपांच्या खाली आणखी एक आवर्तन आखावे : सोळा घरे, फुली आणि शून्य जागच्या जागी, समेवरचा गंधार तेवढा लिहिलेला, आणि बाकीची घरे कोरी. ती शिकणाऱ्याने पेन्सिलीने भरावयाची.