मज्जातंतूतील वीज
तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत मात्र क्षारांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पेशीचे आवरण ओलांडतात. १९३९ साली इंग्लंडमधील प्लायमाउथ येथे हॉजकिन व हक्स्ली यांनी म्हाकुळाच्या सुमारे अर्धा मिलिमीटर जाड मज्जातंतूत इलेक्ट्रोड घातला. विश्रांत तंतू आतून ऋण असतो. संदेश जाताना हा फरक फार तर शून्यावर येईल, अशी तत्कालीन धारणा होती. प्रत्यक्षात आतली बाजू क्षणभर धन झाली! उलगडा होण्याआधीच महायुद्ध पेटले. १९५२ मध्ये त्यांनी सविस्तर उत्तर मांडले : प्रथम सोडियम आत शिरते, मागोमाग पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती येते, ही उलथापालथ शेजारच्या भागाला जागवीत पुढे सरकते. आपले मूल ‘हे कशावरून?’ असे विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नये. ज्ञान याच प्रश्नाने पुढे गेले आहे.