विश्लेषण : मोठी बॅटरी भरलेली, तरी ई-कार का थांबते? इन्व्हर्टरमधील ‘पॉवर मॅनेजमेंट चिप’ काय करते?

ह्युंदाईने जून २०२४ मध्ये भारतातील १,७४४ ‘आयोनिक ५’ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याआधी मार्चमध्ये अमेरिकेतही कंपनीला ह्युंदाई आणि जेनेसिसच्या सुमारे ९९ हजार ई-गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. दोष मोटरमध्ये नव्हता, मोठ्या बॅटरीतही नव्हता. ‘आयसीसीयू’ या चार्जिंग युनिटमध्ये बिघाड झाल्यास १२ व्होल्टची छोटी बॅटरी चार्ज होणे थांबत होते. ती उतरली, की शेकडो व्होल्टची बॅटरी भरलेली असूनही गाडी बंद पडू शकते. कारण मोठ्या बॅटरीला जोडणारे कॉन्टॅक्टर आणि इन्व्हर्टरचा ‘मेंदू’ दोन्ही या छोट्या बॅटरीवरच चालतात.

इन्व्हर्टर म्हणजे घरातला तोच?

तत्त्व तेच. लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी आलेला इन्व्हर्टर बॅटरीतील डीसी वीज एसी करून पंखे-दिवे चालवतो. ई-कारमधील ‘ट्रॅक्शन इन्व्हर्टर’ मोटरला तीन फेजची एसी वीज देतो. त्यात प्रत्येक फेजसाठी दोन, असे एकूण सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला साधारण दहा हजार वेळा उघडझाप करतात. टेस्लाने २०१७ मध्ये ‘मॉडेल ३’मध्ये सिलिकॉन कार्बाइडचे स्विच वापरले आणि तेव्हापासून सगळी चर्चा त्यांचीच होते. पण कोणता स्विच कधी उघडायचा हे मायक्रोकंट्रोलर ठरवतो आणि त्याचा आदेश ‘गेट ड्रायव्हर’ स्विचपर्यंत पोहोचवतो. या दोघांनाही स्थिर वीज लागते.

मग पॉवर मॅनेजमेंट चिप नेमके काय करते?

१२ व्होल्टची म्हटली जाणारी बॅटरी कधीच नेमकी १२ व्होल्ट देत नाही; तिचा दाब सतत वरखाली होतो. मायक्रोकंट्रोलरला मात्र ३.३ किंवा ५ व्होल्ट हवे असतात आणि त्याच्या गाभ्याला त्याहून बरेच कमी. ‘पीएमआयसी’ म्हणजेच पॉवर मॅनेजमेंट चिप हे वेगवेगळे दाब तयार करते आणि ते मर्यादेत आहेत ना, यावर लक्ष ठेवते.

तिचे दुसरे काम पहारेकऱ्याचे. ती मायक्रोकंट्रोलरला ठरावीक काळाने प्रश्न विचारते. उत्तर चुकले, उशिरा आले किंवा अगदी वेळेआधी आले, तरी ती गडबड मानते. इन्फिनिऑनची ‘टीएलएफ३५५८४’ आणि एनएक्सपीची ‘एफएस२६’ या अशाच चिप आहेत. वाहनांच्या सुरक्षेच्या ‘आयएसओ २६२६२’ मानकातील सर्वांत कडक ‘एएसआयएल डी’ पातळी गाठता यावी, अशा बेताने त्या घडवल्या आहेत.

गडबड दिसली, की वीज तोडायची?

इतके सोपे असते तर एक फ्यूज पुरला असता. बहुतेक ई-कारच्या मोटरमध्ये कायमचुंबक असतात. चाके फिरत असताना अशी मोटर स्वतःच वीज तयार करते. वेग कमी असेल तर सहाही स्विच बंद केले तरी चालते. पण महामार्गावर भरधाव वेगात मोटरचा दाब बॅटरीपेक्षा जास्त होऊ शकतो. मग स्विच बंद असले तरी त्यांच्यातील डायोडमधून वीज उलटी बॅटरीकडे वाहू लागते आणि चालकाने पाय न लावताच गाडीला ब्रेक लागतो.

अशा वेळी वरचे तिन्ही किंवा खालचे तिन्ही स्विच एकाच वेळी चालू करून मोटरच्या तारा आपसांत जोडतात. याला ‘अॅक्टिव्ह शॉर्ट सर्किट’ म्हणतात. ऐकायला भयंकर वाटते, पण जास्त वेगात हाच सुरक्षित मार्ग असतो. त्या वेगात त्याने लागणारा ब्रेक सौम्य असतो.

अडचण अशी, की स्विच चालू ठेवायलाही वीज लागते. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचच्या गेटला १५ ते १८ व्होल्ट द्यावे लागतात. १२ व्होल्टची बाजूच गेली तर ते आणायचे कुठून? म्हणून अनेक इन्व्हर्टरमध्ये मोठ्या बॅटरीच्या बाजूनेही गेट ड्रायव्हरसाठी पर्यायी पुरवठा ठेवलेला असतो. त्यावर गाडी पुढे चालत नाही. ती कडेला घेऊन थांबवेपर्यंत स्विच ताब्यात राहतात, एवढेच.