थंडीत रोज एक तास ऊब

किडे थंडीत गोठूनच मरतात असं नाही. कित्येक जाती शून्याच्या वर, ५-६ अंशांवरही दगावतात. एवढ्या गारठ्यात पेशींच्या पडद्यातले क्षारांचे पंप मंदावतात, पोटॅशियम पेशींबाहेर रक्तद्रवात साचतं, स्नायू काम सोडतात. किडा पाय आखडून पडतो. असाच पडून राहिला तर इजा वाढतच जाते.

खरी कमाल पुढे आहे. अमेरिकेत लसूणघासाच्या बियाण्यासाठी पानं कापणाऱ्या एकांड्या मधमाश्या पाळतात. फुलोरा लांबला की त्यांचे कोष शीतगृहात थोपवून धरतात. तिथल्याच फार्गो शहरातल्या संशोधकांनी ६ अंशांच्या साठवणीत रोज फक्त एक तास २० अंशांची ऊब दिली. सतत ६ अंशांवर ठेवलेल्यांपेक्षा या कितीतरी जास्त जगल्या! उबेच्या त्या वेळात किड्यांचे पंप पुन्हा जोर धरतात, पोटॅशियम आत ओढलं जातं, बिघडलेली प्रथिनं दुरुस्त होतात. म्हणूनच नुसत्या किमान तापमानावरून किड्याची सहनशक्ती ठरवणं मला अपुरं वाटतं.

अर्थात उबेत साठवलेली चरबीही जळते. आणि ज्यांच्या अंगात खरोखर बर्फ होतो, त्यांना वारंवार गोठणं बाधतं. दक्षिण हिंदी महासागरातल्या मॅरियन बेटावरच्या एका पतंगाच्या अळ्यांचं तर वारंवारच्या थंडीनेच आतडं दुखावतं आणि वाढ खुंटते.