कॉफीचे यंत्र आणि गाडीतली डुलकी

पुणे-सोलापूर महामार्गावर रात्री मोडनिंबजवळ कॉफीसाठी थांबणाऱ्या चालकाला तरतरी हवी असते. ती बटणाच्या यंत्रातून जास्त मिळते की हाताच्या?

आधी एक गैरसमज. लग्नात वाफेने फेसाळ केलेली, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली 'एस्प्रेसो' ही बहुधा दुधातली इन्स्टंट कॉफी असते. खऱ्या एस्प्रेसोत बारीक दळलेल्या कॉफीतून ९० अंशांच्या पुढचे गरम पाणी हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट दाबाने २५-३० सेकंद ढकलतात. इटलीत अकिले गाज्जा यांनी १९४०च्या दशकात हा दाब दांडा ओढून आणला. १९६१ मध्ये 'फाएमा'च्या यंत्रात ते काम विजेच्या पंपाकडे गेले. हाताच्या यंत्रात पावडर किती घेतली, कशी दाबली यावर चव बदलते. स्वयंचलित यंत्र दळण्यापासून सगळे मोजून करते, त्यामुळे कप एकसारखे येतात. कॅफिन मात्र ठरते पावडरीचे प्रमाण आणि जात यांवर. रोबस्टात ते अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असते.

शिवाय ते घोटासरशी चढत नाही. चांगला परिणाम जाणवायला अर्धा तास लागू शकतो, आणि तेवढ्यात पुण्याकडे निघालेली गाडी टेंभुर्णीही ओलांडते. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये पेंगुळलेल्या चालकांवर केलेल्या प्रयोगात कॅफिन घेऊन लगेच काढलेली छोटी डुलकी नुसत्या कॅफिनपेक्षा सरस ठरली. म्हणजे कप रिकामा झाला, की गाडी सुरक्षित जागी लावून पंधरा मिनिटांचा गजर लावायचा.