गॅजेटचं वय बॅटरी ठरवते

आज मी दाखवायला एकही नवा फोन आणलेला नाही, त्यामुळे पुढच्या रांगेतल्या मुलांची थोडी निराशा झालेली दिसतेय. इयरबड्स, स्मार्टवॉच, छोटे स्पीकर, गळ्यात अडकवायचे पंखे, दर महिन्याला काहीतरी नवीन येतच असतं, आणि ते हातात घेऊन बघायची हौस मलाही आहे. पण नवीन वस्तू समोर आली की स्क्रीन, कॅमेरा, आवाज हे सगळं मी नंतर बघतो. आधी विचारतो, आत बॅटरी केवढी आहे आणि ती बदलता येते का? कारण बाकीचे भाग नीट वापरले तर आठ-दहा वर्षं सहज चालतात. बॅटरी तेवढी चालत नाही.

सुरुवात पॉवर बँकेपासून करू, कारण ती म्हणजे नुसती बॅटरीच आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, १०,००० एमएएच. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० एमएएच. म्हणजे फोन दोनदा पूर्ण चार्ज होणार, असा हिशोब आपण सगळेच करतो. प्रत्यक्षात तो सव्वा-दीड वेळाच होतो आणि मग लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

आता बघा, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे एवढं कळून भागत नाही, टाकी किती उंचीवर आहे तेही लागतं. एमएएच म्हणजे पाणी, व्होल्ट म्हणजे उंची. दोन्हींचा गुणाकार केला की खरी ऊर्जा कळते, तिचं माप वॉट-तास. पॉवर बँकेच्या आतला सेल असतो साधारण ३.७ व्होल्टचा. १०,००० एमएएच म्हणजे १० अँपिअर-तास, गुणिले ३.७, झाले ३७ वॉट-तास. पण साध्या यूएसबीतून वीज बाहेर पडते ५ व्होल्टला. ३७ भागिले ५ केलं की उरतात ७,४०० एमएएच. व्होल्टेज चढवताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, फोन ती आत घेताना आणखी थोडी जाते. पॉवर बँक उलटी करून बघा. मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' म्हणून बऱ्याचदा सहा हजारांच्या आसपासचा आकडा छापलेला असतो. खरेदी करताना तो वाचायचा, पुढचा नाही. तिथेच 'आर' अक्षरानं सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघून घ्या. नसेल तर कितीही स्वस्त असली तरी मी ती घरात आणणार नाही.

वॉट-तास विमानप्रवासातही कामाला येतात. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नसते, सोबतच्या बॅगेत ठेवायची. तिथे मर्यादा १०० वॉट-तासांची. १०० ते १६० असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, ती चालते. ३०,००० म्हणजे १११, ती अडकते. सोबत का ठेवायची? पेटली तर केबिनमध्ये निदान कुणाला तरी दिसते. खाली सामानात पेटली तर तिथवर पोचणार कोण?

आता ही बॅटरी म्हातारी का होते? लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन चार्ज होताना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात आणि वापरताना परत येतात. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो या तिघांच्या कामातून हे तंत्र उभं राहिलं. १९९१ साली सोनीनं असे सेल बाजारात आणले आणि २०१९ मध्ये तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! तर प्रत्येक फेरीत थोडं लिथियम वाटेतच अडकून बसतं, परत कामाला येत नाही. त्यातून जमते ती झीज. शंभर टक्के बॅटरी संपवून पुन्हा भरली की एक फेरी झाली. आज अर्धी आणि उद्या अर्धी वापरली तरी मिळून एकच. अनेक बॅटऱ्यांची क्षमता साधारण पाचशे ते हजार फेऱ्यांत ८० टक्क्यांवर येते.

फेऱ्यांइतकाच वाईट शत्रू म्हणजे उष्णता. पूर्ण भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, ही जोडी तर फारच वाईट. नागपुरात मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर फोन ठेवून नकाशा लावायचा आणि वर चार्जरही जोडायचा, यापेक्षा बॅटरीचा जास्त छळ करता येईल असं मला वाटत नाही. फास्ट चार्जिंगला लोक उगाच घाबरतात. फोन गरम होत नसेल तर वेगाचं एवढं काही नाही. उशीखाली ठेवून चार्ज करण्याची मात्र भीती बाळगा. फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती सुरू करून ठेवा, विशेषतः रात्रभर लावून ठेवत असाल तर.

हे सगळं सर्वांत कठोरपणे लागू होतं ते इयरबड्सना. प्रत्येक बडमधली बॅटरी चाळीस-पन्नास एमएएचची, म्हणजे फोनच्या शंभराव्या हिश्शाएवढी. रोज चार-पाच तास ऐकलं की रोज जवळजवळ एक फेरी. पाचशे फेऱ्या दीड वर्षात होतात. मग बड पूर्वीइतका वेळ चालत नाहीत, त्यात बहुतेक वेळा एक कान आधी जातो. उघडायला जावं तर गोंदानं चिकटवलेले. म्हणून साताठ हजारांच्या इयरबड्सना मी तीन वर्षांचं भाडं समजतो. वायरवाला हेडफोन कुणी जुनाट म्हणो, त्याला म्हातारपण येतं ते फक्त वायरला.

याउलट नोकियाची बीएल-५सी बॅटरी आठवून बघा. मागचं झाकण नखानं उघडायचं, जुनी काढायची, नवी बसवायची, काम झालं. तो फोन गेला, पण ती बॅटरी अजून मोबाइलच्या दुकानात मिळते आणि कितीतरी छोट्या रेडिओ-स्पीकरांत चालते. पाणी आत जाऊ नये आणि फोन पातळ व्हावा म्हणून आपण ते झाकण घालवलं. दोन्ही कारणं खरी आहेत, पण आपण त्याची किंमत मोजतोय. युरोपीय संघानं आता नियम केलाय की १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढून बदलता आली पाहिजे. त्यात काही सवलती आहेत. हजार फेऱ्यांनंतरही ८० टक्के क्षमता टिकवणाऱ्या आणि पाण्यात टिकणाऱ्या फोनना सूट मिळते. कंपन्या एकाच वस्तूचे दोन साचे सहसा बनवत नाहीत, त्यामुळे त्याचा थोडा फायदा आपल्यालाही होईल असा माझा अंदाज आहे.

शेवटी एक काम घरी गेल्यावर कराच. कपाटातला जुना फोन, बंद पडलेली पॉवर बँक बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा. पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन एका बाजूनं उचललेली दिसली, तर आत वायू साठलाय. ती वस्तू चार्ज करू नका, दाबू नका, टाचणीनं भोक तर अजिबात पाडू नका. जळण्यासारख्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात नेऊन द्या. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, तिथे कचरा दाबला जातो आणि गाडी पेटू शकते. चला, आता प्रश्न घेऊ. तिकडे मागे कुणीतरी हात वर केलाय.